मातेचे दूध आणि घुटीची वाटी

एचआयव्हीबाधित मातेने तान्ह्याला अंगावर पाजावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर गेल्या पंचवीस वर्षांत अनेकदा बदलले. संपन्न पाश्चात्त्य देशांनी प्रारंभी सरसकट डब्याच्या दुधाचा मार्ग धरला. नळाचे पाणी शुद्ध आणि दवाखाना हाकेच्या अंतरावर असल्यामुळे त्यांना तो परवडला. तोच सल्ला आफ्रिकेत गेला तेव्हा काय झाले? बोत्स्वानात शासन बाधित मातांना डब्याचे दूध विनामूल्य देत असे. २००६ च्या प्रारंभी अतिवृष्टीनंतर तेथे अतिसाराची साथ पसरली आणि बळी गेली ती प्रामुख्याने अंगावरच्या दुधाला पारखी झालेली बालके. विषाणूपासून वाचवलेले मूल पाण्याने नेले!

त्याआधीच, १९९९ साली, दक्षिण आफ्रिकेतील दरबानच्या एका अभ्यासाने डोळ्यांत अंजन घातले होते. पहिले तीन महिने केवळ मातेचे दूध घेणाऱ्या बालकांपेक्षा, त्यासोबत पाणी वा इतर पदार्थ मिळालेल्या बालकांत संसर्ग अधिक आढळला. वरच्या पदार्थांनी कोवळ्या आतड्याचे अस्तर दुखावते आणि विषाणूला वाट मिळते, असे त्याचे कारण मानले जाते.

येथे हा विषय थेट आपल्या माजघरात येतो. मधाचे बोट, बाळघुटी, साखरपाणी हे सारे मायेपोटीच दिले जाते. जातकर्मातील मध-तुपाच्या चाटणाला शास्त्राधार आहे, असे कोणी म्हणेल. आहेच, परंतु वर्षाच्या आतील कोणत्याही बालकाला मध देऊ नये, असे आजचे वैद्यक सांगते. संस्काराचा प्राण मंत्रात आहे, चाटणात नव्हे. कालबाह्य आचार टाकून देण्याची रीत या समाजाला नवी नाही.

आज भारतात शासकीय केंद्रांत प्रत्येक बाधित गर्भवतीला आजीवन औषधे विनामूल्य मिळतात. उपचाराविना बालकाला लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो; औषधे नियमित घेतल्यास तो ५ टक्क्यांच्या खाली येतो. सहा महिने निव्वळ स्तनपान, नंतर उष्टावण करून वरच्या अन्नासोबत अंगावरचे दूध चालू, आणि तोडायचे ते हळूहळू. एकाएकी दूध तोडल्याने बालकांचे हित साधत नाही, हे झांबियातील लुसाका येथील अभ्यासात २००८ मध्ये स्पष्ट झाले.

उपचार आहे, मार्गही आहे. मग अडते कोठे? घरातल्या नजरांत. वरचे दूध दिले तर शेजारीण कारण विचारते, घुटी नाकारली तर सासू. सून गोळ्यांची डबी धान्याच्या कोठीत लपवते आणि पाहुणे आले की एक दिवस गोळी चुकते. चुकलेली गोळी म्हणजे दुधातून वाढलेला धोका. सेवावस्तीत जाणाऱ्या कार्यकर्त्या भगिनींनी या घरांत रोगाचे नावही काढू नये. सासूबाईंना एवढेच सांगावे, की सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही नको, पाण्याचा थेंबही नको. हे गावातल्या प्रत्येक बाळासाठी आहे. मग बारशाच्या दिवशी घुटीची वाटी बाजूला सारणाऱ्या सुनेकडे कोणी वळून पाहणार नाही.