पेशंटबरोबर कोण आहे?

सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात दिवसभर सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारं वाक्य हेच असावं. ऐकायला चौकशी वाटते, पण ते कामाचं वाटप असतं. रक्ताचा बल्ब घेऊन लॅबमध्ये कोण जाणार? स्ट्रेचरला मागून हात कोण लावणार? रक्तपेढीत फॉर्म घेऊन कोण पळणार? सोनोग्राफीची तारीख कोण आणणार, आणि फॉर्मवर शिक्का राहिला म्हणून परत तीन मजले खाली कोण उतरणार? उत्तर ठरलेलं आहे: जो बरोबर असेल तो.

आमच्या धंद्यात दोन सिस्टम एकमेकींशी बोलत नसतील तर आम्ही त्याला बग म्हणतो. रुग्णालयात त्याला नातेवाईक म्हणतात. ओपीडीचं रजिस्टर वेगळं, लॅबचं वेगळं, एक्स-रेचं वेगळं, औषधाच्या खिडकीचं वेगळं. प्रत्येक विभाग आपापल्या जागी बऱ्यापैकी चाललेला असतो. त्यांच्यामधली तार म्हणजे हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत केसपेपर घेऊन फिरणारा एक माणूस. तो पगारपत्रकावर नाही, कुठल्या आराखड्यात नाही, कुठल्या टेंडरमध्ये नाही. आणि त्याला न मोजता 'पेशंट-सेंट्रिक' हा शब्द स्लाइडवर टाकणारे माझ्या वयाचे, माझ्याच क्षेत्रातले लोक मला दर आठवड्याला भेटतात. माझं भांडण आधी त्यांच्याशी आहे.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन 2021 मध्ये देशभर सुरू झालं. 2022 मध्ये 'स्कॅन अँड शेअर' आलं: ओपीडीच्या दारात क्यूआर कोड स्कॅन करायचा, नाव-पत्ता आपोआप जातो, टोकन मिळतं. केसपेपरच्या खिडकीवरची रांग त्याने खरंच कमी होते. मला ते आवडतं. पण मग ती रांग जाते कुठे?

हिशोब करू. समजा, ओपीडी चार तासांची आहे, डॉक्टर चार आहेत आणि पेशंट चारशे. चार डॉक्टरांची मिळून 960 मिनिटं होतात, म्हणजे एका पेशंटच्या वाट्याला अडीच मिनिटंसुद्धा नाहीत. नोंदणी दहा मिनिटांवरून दहा सेकंदांवर आणली तरी हा भागाकार बदलत नाही. लोक खिडकीसमोर उभे होते, ते आता डॉक्टरांच्या दारासमोर उभे राहतात. एलियाहू गोल्डरॅटने 1984 च्या 'द गोल' या कादंबरीत कारखान्याबद्दल हेच सांगितलं होतं: अडथळा जिथे आहे ती जागा सोडून बाकी कुठेही वेग वाढवला, तर फक्त ढीग पुढे सरकतो. इंजिनीअरिंगला हे शिकवतात. नोकरी लागली की विसरतात, कारण डेमो खिडकीचाच चांगला दिसतो.

सिस्टम्स थिंकिंग या शब्दाचा सध्या फार चोथा झालाय, पण त्यातला एक प्रश्न अजूनही कामाचा आहे: सिस्टमची सीमा तुम्ही कुठे आखलीत? रुग्णालय ती आपल्या खात्यांभोवती आखतं. त्यामुळे 'लॅबचा वेळ' सॅम्पल लॅबच्या टेबलावर पोचल्यापासून मोजला जातो. ते तिथवर आणायला लागलेला पाऊण तास, बंद लिफ्ट आणि 'जेवणानंतर या' हे सगळं सीमेबाहेर. नातेवाइकाचा बुडालेला रोज सीमेबाहेर, एसटीचं भाडं सीमेबाहेर, व्हरांड्यात चादर टाकून काढलेली रात्रही बाहेरच. डॅशबोर्ड हिरवा असतो तो यामुळे.

आणि याहून वाईट गोष्ट त्याच्या पुढची आहे. पीटर सेंगेने 1990 च्या 'द फिफ्थ डिसिप्लिन'मध्ये सिस्टममधले काही नेहमीचे सापळे सांगितले, त्यात एक आहे ओझं सरकवण्याचा. मूळ दुखणं तसंच ठेवून तात्पुरता टेकू लावायचा. टेकूने काम भागतं, म्हणून मूळ दुखण्याकडे बघण्याची गरजच वाटत नाही. वॉर्डबॉयची जागा रिकामी राहते. काम अडायला हवं, पण अडत नाही, कारण कुणाचा तरी मुलगा स्ट्रेचर ढकलतो. काम अडलं नाही म्हणून बोंब होत नाही, बोंब नाही म्हणून जागा भरली जात नाही. दोन वर्षांनी त्या जागेची गरज होती हेच कुणाला आठवत नाही. नातेवाईक जितका कष्टाळू, तितकी ती जागा रिकामी ठेवणं सोपं.

माझ्या मावशीचं हाडाचं ऑपरेशन एका जिल्ह्याच्या ठिकाणी झालं. अकरा दिवस माझा मावसभाऊ तिथे होता. तो एमआयडीसीत रोजंदारीवर आहे. कितव्या दिवशी कोणत्या खिडकीवर गर्दी कमी असते, कोणत्या मावशींना चहा दिला की चादर बदलून मिळते, रक्तपेढीतल्या कुणाची ड्युटी कधी बदलते, हे त्याला पाठ झालं होतं. अकराव्या दिवशी तो बाजूच्या खाटांवरच्या लोकांना रस्ता दाखवत होता. म्हणजे ट्रेनिंग पूर्ण झालं आणि कर्मचारी सोडून गेला. दुसऱ्या दिवशी शून्यापासून सुरुवात करायला नवा मुलगा आला असणार.

ज्याच्याबरोबर कुणीच नसतं त्याचं काय? बांधकामावरचा परराज्यातला मजूर, एकटी राहणारी म्हातारी. त्यांचं सॅम्पल कोण नेणार? एखाद्या दयाळू सिस्टरवर किंवा शेजारच्या खाटेवरच्या कुटुंबावर सगळं येऊन थांबतं.

2017 मध्ये धुळ्यात डॉक्टरवर हल्ला झाल्यानंतर राज्यभरातले निवासी डॉक्टर कामावर जायचे थांबले. त्यांचा राग रास्त होता. चोवीस-छत्तीस तास ड्युटी करणाऱ्या पोरापोरींना मार खावा लागतो, याचं कुठलंही समर्थन होऊ शकत नाही, आणि ते मी करतही नाही. पण त्यानंतर सापडलेला उपाय बघा: सुरक्षारक्षक वाढवा आणि पेशंटमागे दोघांनाच पास द्या. एका हाताने नातेवाइकाला गर्दी म्हणून दाराबाहेर काढायचं, दुसऱ्या हाताने त्याच्याकडेच बल्ब द्यायचा. तीन दिवस खिडक्यांमध्ये टोलवला गेलेला माणूस शेवटी समोर दिसेल त्याच्यावर फुटतो, आणि समोर असतो तो सगळ्यात कमी अधिकार असलेला डॉक्टर.

'पैसा आणि माणसं नाहीत, मग काय करणार?' हे मला लगेच ऐकवलं जाईल. पैसा लागेलच. पण सीमा नीट आखायला आधी नजर लागते. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाला फार पूर्वीच कळलं की शिबिरात मोतीबिंदू सापडलेले गरीब लोक ऑपरेशन फुकट असूनही येत नाहीत, कारण येणं-जाणं आणि खाणं फुकट नसतं. तेव्हा त्यांनी बस, जेवण आणि परतीचा प्रवास हा ऑपरेशनचाच भाग धरला. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने आदिवासींना विचारलं की तुम्हाला दवाखाना कसा हवा. लोकांना भीती वाटत होती ती मोठ्या इमारतीची आणि आपल्या माणसांपासून तुटण्याची. म्हणून शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांच्या गावासारखा बांधला. तिथेही नातेवाईक असतात, पण ते पेशंटजवळ बसायला असतात.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. आईच्या उशाशी बसणं, तिला दोन घास भरवणं हे घरच्या माणसाचं काम आहे. ते कुठल्याही अ‍ॅपने हिरावून घेऊ नये. पण तिसऱ्या मजल्यावरचा बल्ब तळमजल्यावर पोचवणं हे रुग्णालयाचं काम आहे, आणि दोन्ही एकाच 'सेवाभावा'त मिसळून आपण सरकारला फार स्वस्तात सोडलंय.

2022 मध्येच महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांमधली एचएमआयएस ही संगणक प्रणाली बंद पडली आणि पुन्हा हाताने केसपेपर लिहायची वेळ आली. मोठी अडचण झाली, बातम्या आल्या. तरीही रुग्णालयं चालत राहिली, कारण खरी तार शाबूत होती. ती पिशवी घेऊन जिन्यात होती.

म्हणून पुढच्या टेंडरवर जे कुणी काम करत असतील, त्यांच्याकडे माझी मागणी अगदी छोटी आहे. कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी एका वॉर्डात एक आठवडा उभं राहा आणि एकच आकडा मोजा: एका पेशंटमागे नातेवाइकाच्या किती फेऱ्या होतात. तो आकडा डॅशबोर्डवर सगळ्यात वर, लाल अक्षरांत ठेवा. अधीक्षकांना दिसू दे, सचिवांना दिसू दे. त्याच्या शेजारी त्याच वॉर्डातल्या वर्ग चारच्या रिकाम्या पदांचा आकडा टाका. मग क्यूआर कोडचं बोलू.