ताप उतरल्यावरचे दोन दिवस

पावसाळा सरत आला की घराघरांत थर्मामीटर बाहेर निघतो. पारा 103 वर गेला की धावपळ, 99 वर उतरला की हुश्श आणि मऊ भात. डेंग्यूत हा हिशेब उलटा पडतो. ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान उतरतो आणि त्याच सुमारास काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो, रक्त घट्ट होतं, रक्तदाब ढासळू शकतो. धोक्याचे हे 24 ते 48 तास नेमके ‘आता बरं वाटतंय’ म्हणण्याच्या दिवसांत येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शिकेत डेंग्यूची धोक्याची लक्षणं आहेत: पोटात दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, ग्लानी किंवा तळमळ. तापाचा आकडा त्यात नाही. आपल्याकडे मात्र चर्चा रंगते ती प्लेटलेट्सची आणि पपईच्या पानांच्या रसाची. दुखणं किती मोठं आहे हे आपण पाहतो. ते कुठल्या दिशेनं चाललंय आणि किती दिवस रेंगाळलंय, हे पाहत नाही. डॉक्टरकडे कधी जायचं, याचं उत्तर बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रश्नात असतं.

खोकल्याचंच घ्या. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला किंवा ताप, घटतं वजन, थुंकीतून रक्त यांपैकी काहीही असलं तर क्षयाची तपासणी करावी, असं राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सांगतो. यातला खोकला बहुधा सौम्यच असतो. माणूस कामावर जातो, जेवतो, झोपतो. म्हणून तो अंगावर काढला जातो. 2019 ते 2021 दरम्यान झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात लक्षणं असलेल्यांपैकी सुमारे 64 टक्के लोक उपचारासाठी कुठेच गेले नव्हते. न जाण्याचं कारण म्हणून त्यातल्या 68 टक्क्यांनी लक्षणांकडे दुर्लक्ष केल्याचं सांगितलं. परवडत नाही म्हणून न गेलेले अवघे 2 टक्के. हा शेवटचा आकडा मला पूर्ण पटत नाही. फी परवडणं वेगळं आणि खाडा परवडणं वेगळं; रोजंदारीवरचा माणूस सकाळची ओपीडी टाळतो, तेव्हा त्याची नोंदही ‘दुर्लक्ष’ म्हणूनच होत असणार. मुंबई महापालिकेनं 2022 मध्ये ‘आपला दवाखाना’ सुरू करताना संध्याकाळची वेळ ठेवली, ती म्हणूनच शहाणपणाची होती.

यावर एक आक्षेप हमखास येतो: लोकांना असं सावध केलं तर प्रत्येक शिंकेला दवाखान्यात रांग लागेल. साध्या सर्दीनंतरचा खोकलाही तीन आठवडे रेंगाळू शकतो, हे खरंच आहे. पण थुंकीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते आणि दहापैकी नऊ जणांची ती निर्दोष निघाली, तरी दहाव्याच्या घरातली लहान मुलं वाचतात. शिवाय दिवस मोजण्याची सवय दोन्ही बाजूंनी कामाची आहे. नाक वाहतंय, अंग मोडून आलंय, पण पाणी पोटात टिकतंय, श्वास नीट आहे आणि रोज थोडा उतार पडतोय, अशा धडधाकट प्रौढाला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन मिळणार काय? बहुतेकदा गरज नसलेलं अँटिबायोटिक, किंवा हट्टच धरला तर सलाईन. तान्ही मुलं, गरोदर बाया आणि म्हातारी माणसं यांना मात्र हा धीर धरायला सांगू नये.

वाट पाहण्याची ही सगळी भाषा छातीच्या दुखण्याला लागू नाही. तिथे दिवस नव्हे, मिनिटं मोजायची असतात. छातीवर दाब, दरदरून घाम, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ. आणि मधुमेही, स्त्रिया, वृद्ध यांच्यात कधी नुसती धाप आणि मळमळ. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून सोडा पिऊन पडून राहण्यात जो तास जातो, त्या तासात हृदयाचा स्नायू मरत असतो. ॲसिडिटी आणि झटका यांतला फरक घरी बसून ओळखता येत नाही. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी डॉक्टर पुन्हा काढतात आणि रक्ताची ट्रोपोनिन तपासणी करतात, ते यासाठीच. तेव्हा 108 ला फोन लावा. रुग्णाला जिने उतरवून मोटारसायकलवर मागे बसवू नका.