क्यू-१०ची बाटली आणि रक्तदाबाची गोळी

पणदरे येथील एका भगिनींचे पत्र आले आहे. सासरे ७२ वर्षांचे. हृदयाची पंपशक्ती कमी झालेली. रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू. पुण्याच्या भाच्याने ‘हृदयाला बळ येते’ म्हणून कोएन्झाइम क्यू-१०च्या कॅप्सूल आणून दिल्या आणि तेव्हापासून सासऱ्यांनी रक्तदाबाची गोळी दिवसाआड केली. हे चालेल का, असे त्या विचारतात.

चालणार नाही. गोळी आजपासून पूर्ववत सुरू करावी की कसे, हे मात्र प्रथम त्यांच्या डॉक्टरांना विचारावे. बीटा-ब्लॉकर गटातील औषधे तर मध्येच सोडल्यास नाडी आणि दाब एकाएकी उसळू शकतात.

आता कॅप्सूलविषयी. क्यू-१० हे परके द्रव्य नव्हे. पेशींत ऊर्जा निर्माण होते त्या प्रक्रियेत ते लागते आणि अहोरात्र राबणाऱ्या हृदयात त्याचा साठा विपुल असतो. अमेरिकेत फ्रेडरिक क्रेन यांनी १९५७ साली ते प्राण्यांच्या हृदयपेशींतूनच वेगळे केले. वय वाढते तसे ते घटते. शेंगदाणे, मासे यांतून मिळते, पण अल्प.

भाच्याचे म्हणणे अगदीच निराधार नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हृदय दुर्बल झालेल्या ४२० रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या औषधांसोबत रोज ३०० मिलिग्रॅम क्यू-१० दोन वर्षे दिले. गंभीर हृदयविकाराच्या घटना त्यांच्यात १५ टक्के, इतरांत २६ टक्के आढळल्या. ‘सोबत’ हा शब्द इथे महत्त्वाचा. औषधे कोणाचीही काढली नव्हती. चाचणी लहान होती आणि तिला उत्पादकांचे साह्य होते, हेही सांगितले पाहिजे.

रक्तदाबाचे चित्र वेगळे आहे. उपलब्ध चाचण्या तपासून कॉक्रेन संस्थेने २०१६ मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की क्यू-१०मुळे दाब म्हणण्याजोगा उतरत नाही. चालण्याची ताकद वाढते काय, यावरही पुरावा डळमळीत आहे. ती ताकद डॉक्टरांच्या संमतीने कालव्याकडेने सकाळी हळूहळू चालण्यानेच अधिक खात्रीने वाढेल. स्टॅटिनमुळे होणारी स्नायुदुखी क्यू-१०ने थांबते, असे अनेक जण सांगतात. चाचण्यांचे निष्कर्ष मात्र परस्परविरोधी आहेत.

एक धोका आवर्जून सांगतो. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेत असाल, तर क्यू-१०मुळे त्याचा परिणाम कमी होऊ शकतो. डॉक्टरांच्या परवानगीवाचून बाटली उघडूच नये.

परवानगी मिळाली तर कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यावी, कारण ती स्निग्धांशासह शोषली जाते. काहींना मळमळ होते, काहींची झोप उडते. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना इंग्रजीत असते. ती घरातल्या तरुणांनी आजोबांना मराठीत वाचून दाखवावी. बाटलीच्या किमतीत वर्षानुवर्षे टिकणारे रक्तदाबाचे यंत्र घेण्याचा विचारही व्हावा.

तोवर पुढील भेटीसाठी वही करावी. सकाळ-संध्याकाळचा दाब आणि उठल्यावरचे वजन रोज नोंदवावे; लोणचे-पापड बंद. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढले, पायांवर सूज आली किंवा रात्री उशाला आणखी एक उशी लागू लागली, तर भेटीची तारीख येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.