कच्चा लिंबू खेळणार कुठे?

शिक्षिकेच्या नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत मी मुलांच्या प्रगतिपुस्तकांत दर सत्राला खोटं लिहिलं. ‘गटात मिळून-मिसळून वागतो.’ ‘मैत्रिणींना मदत करते.’ ‘राग आवरायला शिकत आहे.’ २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा त्यामागचा विचार चांगला होता. बाईंनी मूल रोज पाहावं. ते कशाने बिथरतं, कोणाशी जुळवून घेतं, कोणाला टाळतं हे टिपून ठेवावं. प्रत्यक्षात बाजारात तयार वर्णनात्मक नोंदींच्या पुस्तिका आल्या, मग त्याच नोंदी मोबाइलवर फिरू लागल्या, आणि अख्ख्या वर्गाची मनं एका रात्रीत उतरवून होऊ लागली. मीही उतरवली. त्याची लाज मला आजही आहे. पण एकाही पालकाने येऊन विचारलं नाही की बाई, माझ्या मुलाबद्दल हे तुम्ही कशावरून लिहिलंत? सगळ्यांची बोटं गणिताच्या श्रेणीवर असायची.

आता भाईंदर-मिरा रोडच्या खासगी शाळांच्या माहितीपत्रकांत ‘भावनिक विकास’ हा शब्द मोठ्या अक्षरांत छापून येतो. माझ्या नातीच्या शाळेत त्याचा आठवड्याला एक तास आहे. त्यासाठी वेगळी वही आहे. वहीत एक हसरा चेहरा, एक रडका, एक रागावलेला. मुलांनी आज आपल्याला कसं वाटतंय तो चेहरा रंगवायचा. नातीने सगळ्या पानांवर हसराच रंगवला आहे, कारण रडका रंगवला की बाई घरी चिठ्ठी पाठवतात. सात वर्षांच्या मुलीला या तासाने काय शिकवलं असेल, तर मनातलं लपवायला.

मूल माणसांत राहायला शिकतं ते मधल्या सुट्टीत, कोणी शिकवत नसताना. कट्टी करायची, दोन दिवस फुगून बसायचं, मग करंगळी सोडून दोन बोटं पुढे करायची आणि बट्टी. राज्य आलं की घ्यायचं. रडीचा डाव खेळलास तर उद्या तुला खेळायला घेणार नाहीत, ही शिक्षा कुठल्याही मुख्याध्यापकाच्या शिक्षेपेक्षा जड असते. आणि कच्चा लिंबू! धाकट्या भावाला सोडून येता येत नाही आणि त्याला धावताही येत नाही. मग तो खेळेल, पण बाद होणार नाही. दुबळ्याला बाहेर न काढता खेळ चालू ठेवायचा हा नियम कुठल्याही शिक्षणतज्ज्ञाने घालून दिलेला नाही, तो पोरांनी केला. पियाजे हा स्विस मानसशास्त्रज्ञ मुलांच्या गोट्यांच्या खेळात जाऊन बसला आणि न्याय-अन्यायाची समज तिथे कशी घडते यावर त्याने १९३२ साली पुस्तक लिहिलं. आपल्याकडे तो खेळच मोडून टाकलाय.

१९९१ साली आमच्या मिरा-भाईंदरमध्ये पावणेदोन लाख माणसं होती. २००१ साली पाच लाखांवर आणि २०११ साली आठ लाखांवर. वीस वर्षांत गाव चौपटीहून मोठं झालं, आणि प्रत्येक इमारतीच्या नकाशावर गाड्यांची जागा मोजून दाखवली गेली. पोरांची जागा कोणी मोजली? शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं लिहिलंय. कलम २९ म्हणतं, मूल भीती, आघात आणि चिंता यांतून मोकळं असलं पाहिजे. आणि मी पाहते, शाळा चार मजल्यांवर, खाली सिमेंटची पट्टी, तिथे सकाळी परिपाठ आणि दुपारी बसगाड्या. मधली सुट्टी पंधरा मिनिटांची, तीही बाकावर बसून डबा खाण्यात जाते, कारण मुलं खाली आली तर पडतील आणि पडली तर पालक भांडायला येतील. हे पालक मला चांगले ठाऊक आहेत. ढोपर खरचटल्याचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकतात आणि समोरच्या मुलाच्या आईला जाहीर माफी मागायला लावतात. दोन पोरांची कट्टी झाली होती. संध्याकाळपर्यंत दोन घरांचं वैर झालं. पोरांची बट्टी दुसऱ्या दिवशी होणार होती, ती यांनी होऊ दिली नाही.

आणि आपण मोठी माणसं राग कसा आवरतो, तेही मुलांनी पाहिलं आहे. जानेवारी २०२४ मध्ये मिरा रोडच्या नया नगरात हाणामारी झाली आणि लगोलग बुलडोझर आले. २०२५ च्या जूनअखेर मिरा रोडला मराठीवरून एका दुकानदाराला मारलं गेलं, त्याचा व्हिडिओ घराघरांत पोचला, मग व्यापाऱ्यांचा बंद, मग मराठी माणसांचा मोर्चा. त्याआधी एप्रिलमध्ये सरकारने पहिलीपासून हिंदी लादली, जूनमध्ये शब्द बदलले आणि २९ जूनला निर्णय मागे घेतला. सहा वर्षांच्या पोरावर तिसरी भाषा टाकणारा तो निर्णय चुकीचाच होता आणि मी त्याच्या विरोधात सही केली आहे. मराठी माझी आहे, ती या शहरात सन्मानाने बोलली गेलीच पाहिजे. पण ती थप्पड माझी नाही. माझ्या वर्गात गुजराती, मारवाडी, भोजपुरी, उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुलं होती. लंगडी खेळताना ती सगळी ‘राज्य कोणावर?’ असं मराठीतच विचारायची. त्यांना कोणी मारलं नव्हतं. त्यांना खेळायचं होतं, म्हणून भाषा आली.

आपल्याच रेल्वेमार्गावर पुढे डहाणू तालुक्यात बोर्डी आहे. तिथे १९४५ साली ताराबाई मोडकांनी बालवाडी सुरू केली, अनुताई वाघ त्यांना जाऊन मिळाल्या, पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुलं गुरं सोडून शाळेत येऊ शकत नाहीत, तर या बायकांनी शाळाच कुरणात नेली. हातात पैसा नव्हता. मूल कुठे आहे ते आधी पाहायचं, मग शाळा कुठे ते ठरवायचं, एवढी अक्कल होती. आपण कोट्यवधींच्या इमारती बांधल्या आणि मुलाला उभं राहायला जागा ठेवली नाही.

आमच्या सोसायटीत खांबावर पाटी आहे: ‘आवारात खेळण्यास सक्त मनाई’. गेल्या महिन्यात तिसरीतल्या पाच पोरांचा चेंडू वॉचमनने काढून घेतला. एका गाडीच्या आरशाला लागला म्हणून. पोरांनी आरसा पुसला, गाडीवाल्या काकांची माफी मागितली, कोणी मारलं ते न लपवता सांगितलं. भावनिक विकासाच्या वहीत यापेक्षा जास्त काय हवं होतं? चेंडू मात्र परत मिळाला नाही. तो ऑफिसातल्या कपाटावर पडून आहे. येत्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे. मी तो चेंडू मागणार आहे आणि पाटी काढायचा ठराव मांडणार आहे. गाडीवाले विरोधात हात वर करतील हे मला माहीत आहे. त्या पाच पोरांना मी सभेला पहिल्या रांगेत बसवणार आहे.