वाडी मोजा, बी राखा



मागच्या महिन्यात आमच्या पाड्यावर दाव्यांची मोजणी झाली. वनहक्क समितीची माणसं होती, तलाठी होते, गार्ड होता आणि मोजायचं यंत्र हातात घेतलेला एक पोरगा होता. सगळे आधी भाताच्या प्लॉटवर गेले. बांधाबांधानं फिरले. प्लॉट मोजून झाला तसे परत निघाले. शेवटच्या घरापाशी एक म्हातारी वाटेत उभी राहिली. म्हणाली, "आन ही वाडी?" मोजणारा हसला. "आजी, भाजीपाल्याचं काय मोजायचं?"

समितीतले आपलेच दोघे पण हसले. मी तिथंच उभी होते आणि मीही काही बोलले नाही. रात्री मात्र झोप लागेना. म्हणून हे लिहिते.

त्या वाडीत काय आहे ते आधी सांगते. जागा म्हणाल तर दोन-तीन गुंठे. कुडाच्या कुंपणावर घेवडा आणि शिराळी. मांडवावर दुधी आणि कारली. छपरावर डांगराचा वेल. न्हाणीचं पाणी जातं तिथं अळू. दारात शेवगा. मागं मिरची, वांगी, माठ, अंबाडी. कोपऱ्यात सुरण आणि कोनफळ. बांधाला एक आंबा, तो तिच्या सासऱ्यानं लावलेला. आता सांगा, यातलं बाजारातून आणायचं म्हटलं तर किती दिवसांची मजुरी लागेल?

आपल्या पोटाचं वर्ष कसं चालतं ते कुणी शिकवायला नको. दिवाळीला भात घरात येतो. होळीपर्यंत कणगी तळाला लागते. मग वीटभट्टी, रेती, शहरातली बांधकामं. पावसाला माणूस परत येतो तेव्हा हातात थोडे पैसे असतात, ते बी-बियाण्यात आणि लावणीत जातात. आणि मग येतो आषाढ. भात शेतात हिरवा आणि घरात दाणा नाही. आषाढ-श्रावण हे आपले उपाशी महिने.

या उपाशी महिन्यांवरच सावकार मोठा झाला. आपल्या आजोबा-पणजोबांनी पावसात खावटीचं धान्य उचललं आणि पिकल्यावर दीडपटीनं, दुपटीनं फेडलं. फिटलं नाही तर वेठ. लग्नाला पैसे घेतले तर नवरा-बायको दोघं लग्नगडी. १९४५ साली तलासरी-डहाणूकडं वारली उठले ते ह्याच वेठीच्या आणि लग्नगड्याच्या विरोधात. पुढं १९७६ साली पालेमोडीला बंदी करणारा कायदाही झाला. तरी आज दुकानदाराच्या वहीत पावसाळ्यात कुणाची नावं चढतात ते आपल्याला माहीत आहे. उभ्या भातावर पैसे उचलणारा माणूस ग्रामसभेत सावकाराच्या मित्रासमोर तोंड उघडत नाही. मोर्चाला यायचं तर आधी घरात विचारतो, "पाठीमागं काय खाल?"

म्हणून मी म्हणते, वाडी ही बायकांची हौस नाही. पाऊस पडल्यावर महिन्याभरात माठ हाताशी येतो. अळू त्याच्याही आधी. काकडी श्रावणात लागते. म्हणजे जेव्हा कणगी रिकामी तेव्हाच वाडी भरायला लागते. ज्या घरात वाडी आहे आणि शिंक्यावर, माळ्यावर सुकवण आहे, ते घर खावटीला महिनाभर उशिरा जातं. कधी जातच नाही. लढ्याला तो महिना फार मोलाचा असतो.

आता कायद्याकडं येऊ. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(१)(क) वाचा. त्यात नुसती शेती लिहिलेली नाही. राहण्यासाठी किंवा पोट भरण्यासाठी स्वतः कसण्याकरता ताब्यात असलेली वनजमीन, असं आहे. दाव्याच्या अर्जातसुद्धा दोन वेगळे रकाने आहेत. वस्तीसाठी किती आणि स्वतः कसण्यासाठी किती. आपल्यातले कितीतरी जण पहिला रकाना कोरा सोडतात, नाहीतर फक्त झोपडीएवढी जागा लिहितात. मग वाडी कुणाची? कागदावर ती जंगलखात्याचीच राहते. उद्या गार्ड आला आणि म्हणाला की कुंपण काढ, तर दाखवायला कागद काय?

१३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताबा पाहिजे, हे खरं. पण वाडीइतका बोलका पुरावा दुसरा नाही. नियम १३ मध्ये घर, झोपडी, जमिनीचं सपाटीकरण, बांध ह्या जागेवरच्या खुणा पुरावा म्हणून धरल्या आहेत. जुनी विहीर, देवाची जागा, पुरण्याची जागा हेही आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी घेतलेला जबाबही आहे, फक्त तो दावेदाराचा स्वतःचा नको, दुसऱ्याचा पाहिजे. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. दंडाची पावती नाही म्हणून रडत बसू नका. दगड रचून केलेला वाडीचा बांध, सासऱ्यानं लावलेला आंबा आणि शेजारच्या म्हाताऱ्याचा जबाब, हे सगळं पंचनाम्यात लिहून घ्या. झाडाचं वय झाडाच्या बुंध्यावर दिसतं.

आणखी एक. लग्न झालेल्यांचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावावर नोंदवायचा असं कलम ४(४) सांगतं. बाई एकटी घर चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावावर. वाडी राखते बाई, पाणी घालते बाई, बी ठेवते बाई. मोजणीच्या वेळी तीच नसेल तर कुठं काय लावलंय ते पुरुषाला सांगताही येत नाही. हसू नका, आमच्याकडं तसंच झालं.

दुसऱ्या बाजूनं एक सावधगिरीही सांगायला पाहिजे. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत पोरं कुपोषणानं गेली. तेव्हापासून आपल्या भागात किती गाड्या आल्या आणि गेल्या. कुणी गोळ्या वाटल्या, कुणी पावडर वाटली. आता बियांची पाकिटं वाटतात आणि सांगतात, परसबाग लावा म्हणजे कुपोषण जाईल. ऐकायला बरं वाटतं. पण ज्याची जमीन काढून घेतली त्याला पाकीट देऊन काय होणार? दोन गुंठ्यांत भात पिकत नाही, नागली पिकत नाही. पोटाला आधी दाणा लागतो, मग भाजी. प्लॉटचा दावा फेटाळायचा, रेशन वेळेवर द्यायचं नाही, रोजगार हमीचं काम काढायचं नाही आणि मुलाचं वजन घटलं की आईला विचारायचं, "भाजी का लावली नाही?" हे आपण ऐकून घ्यायचं नाही. वाडी पाहिजे, पण प्लॉटच्या बदल्यात नाही. प्लॉटसकट पाहिजे.

त्या पाकिटाचीही गंमत बघा. त्यातलं बी पुष्कळदा संकरित असतं. पहिल्या वर्षी झाड जोरदार येतं. त्याचं बी राखून दुसऱ्या वर्षी लावलं तर एक वेल असा, एक तसा. म्हणजे पुन्हा पाकीट, पुन्हा दुकान. आपल्या गावठी वालाचं, काकडीचं, डांगराचं बी पिढ्यान्‌पिढ्या घरातच फिरत आलं. लेक सासरी जाताना पदरात बांधून नेते. ते बी एकदा गेलं की परत मिळायचं नाही. पाकीट घेऊ नका असं मी म्हणत नाही. घ्या, लावा, खा. पण त्याच्या भरवशावर आपलं बी मोडू नका. आणि पाकिटातलं रंगवलेलं बी कधी शिजवू नका, कोंबड्यांनाही टाकू नका, त्याला विष चोळलेलं असतं.

बी राखायची रीत म्हाताऱ्यांना ठाऊक आहे, पण आमच्या वयाच्या बायका विसरायला लागल्या आहेत. म्हणून इथं लिहून ठेवते.

काकडी, दुधी, डांगर यांचं पहिलं चांगलं, बिनकिडीचं फळ तोडायचं नाही. त्याला चिंधी बांधायची म्हणजे पोरं तोडत नाहीत. वेलावरच पुरतं पिकू द्यायचं. बी धुवून, राखेत घोळून, वाळवून ठेवायचं. काही जणी शेणाच्या गोवरीत बी दाबून भिंतीला थापतात, तेही चांगलं टिकतं.

वाल, चवळी, तूर, उडीद कडक उन्हात वाळवायचे. दाताखाली कट्‌ आवाज आला पाहिजे. थंड झाल्यावर चुलीची चाळलेली राख मिसळून मडक्यात भरायचं, तोंड शेणमातीनं लिंपायचं. राख दाण्यांच्या मधली जागा भरून काढते, ओल ओढून घेते, भुंग्याला फिरू देत नाही. मक्याची कणसं चुलीच्या वर धुरात टांगायची. नागलीला कीड सहसा लागत नाही, ती कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षं राहते. म्हणून जुनी माणसं एक कणगी नागलीची वेगळी राखायची. खायच्या दाण्यात दुकानातली विषारी पावडर मात्र कधीच नको.

पेरणीच्या आधी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा. चार-पाच दिवसांनी सोडून बघा. सात-आठ उगवले तर बी चांगलं. चारच उगवले तर दाट पेरा, नाहीतर शेजारणीकडून मागून घ्या.

खायच्या सुकवणीचं तसंच. शेवग्याचा आणि अंबाडीचा पाला सावलीत वाळवा. कडक उन्हात त्याचा हिरवा रंग उडतो आणि डोळ्यांना जपणारं सत्त्वही जातं. कैरीच्या फोडींची आंबोशी आणि मिरची उन्हातच. मोहाची फुलं नीट वाळवून ठेवली तर पावसात भाजून, शिजवून खाता येतात. सगळी विकून टाकू नका. बांबूचे कोंब पातळ चिरून, उकळून, ते पाणी फेकून मगच वाळवा, कच्च्या कोंबात विष असतं. डांगर देठासकट तोडून माळ्यावर ठेवलं तर कित्येक महिने टिकतं. आणि भुईमूग, मका किंवा सुकवण यांवर बुरशी दिसली तर ते फेकून द्या. धुवून, भाजून बुरशीचं विष जात नाही.

आता बायकांचं म्हणणं मी ऐकलं आहे. "ताई, पाणी तासाभराच्या वाटेवरून आणायचं, लाकूड आणायचं, मजुरीला जायचं आणि वर वाडी?" बरोबर आहे. बाईच्या डोक्यावर आणखी एक हंडा ठेवायला मी हे लिहीत नाही. पावसाळी वाडीला पाणी घालावं लागत नाही, तिथून सुरुवात करा. उन्हाळ्यात न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी दोन-चार झाडांना पुरतं. कुंपण करणं, मांडव घालणं, बकऱ्या आवरणं हे काम पुरुषांचं. मीटिंगमध्ये घोषणा देणाऱ्या भावांनी आधी स्वतःच्या घरामागचं कुंपण बघावं. जी कुटुंबं दिवाळीनंतर भट्टीवर जातात त्यांनी आपलं बी मागं राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडं ठेवून जावं, भट्टीवरच्या झोपडीत ते भिजतं नाहीतर उंदीर खातात.

ग्रामसभांपुढं माझं म्हणणं थोडक्यात असं. ज्या पाड्यांची मोजणी व्हायची आहे त्यांनी घर आणि वाडी दोन्ही मोजून घ्यावी, बाईला सोबत घ्यावं आणि वस्तीचा रकाना पूर्ण भरावा. जिथं वाडी सुटली आहे तिथं ठराव होण्याआधी समितीला लेखी अर्ज देऊन पुन्हा पाहणी मागावी. ठराव झाला असेल तर ६० दिवसांच्या आत उपविभागीय समितीकडं जाता येतं, ते दिवस वाया घालवू नका. आणि दर पाड्यानं पेरणीच्या आधी एक दिवस बी आणायचा ठरवावा. ज्याच्याकडं जे आहे ते मूठभर आणायचं, नाही ते घेऊन जायचं, पिकल्यावर दोन मुठी परत. यात पैसा नको, वही नको, सावकार नको. कणसरीचं देणं आहे, ते आपसातच फिरलं पाहिजे.

त्या म्हातारीच्या वाडीसाठी आम्ही समितीला अर्ज दिला आहे. त्या दिवशी हसलेल्या दोघांपैकी एकानंच तो लिहिला. पोच घेतली आहे, उत्तर अजून आलेलं नाही. परवा तिच्याकडं गेले तर ती मांडवाला नवी काठी बांधत होती. मी म्हटलं, "आजी, मोजायला परत येतील." ती म्हणाली, "येवदे. पन आता नुसते मोजाया नको, जेवाया पन बसव त्यांना. मग कळंल काय मोजायचं ते."

जिंदाबाद!

— पाड्यावरची एक कार्यकर्ती