पंचवीसने भागू नका!

परवा रात्री साडेअकराला मावसबहिणीचा फोन. ‘ताई, ६५ टक्के म्हणजे जीपीए किती गं?’ बाईसाहेब अमेरिकेतल्या एमएसचा फॉर्म भरत होत्या आणि नेमक्या त्याच चौकटीपाशी अडकल्या होत्या.

‘आधी कॅल्क्युलेटर बंद कर,’ मी म्हटलं.

कारण २०२३ च्या डिसेंबरात अशाच एका रात्री मी तो उघडला होता. मास कॉमच्या डिग्रीला मला ६२ टक्के. फर्स्ट क्लास! निकालाच्या दिवशी आईने अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले होते. आणि इथे फॉर्म विचारतोय, चारपैकी किती? मी सरळ ६२ ला २५ ने भागलं. उत्तर आलं २.४८. मला हव्या असलेल्या कोर्सची अट होती किमान ३.०. लॅपटॉप मिटला आणि झोपले. फॉर्म भरलाच नाही. आईला सांगितलं, ‘यंदा कामं फार आहेत गं.’

भागाकार बरोबर होता. चुकली होती ती समजूत. अमेरिकेतल्या नेहमीच्या मोजपट्टीवर नव्वदीत ए मिळतो आणि साठीतले मार्क म्हणजे चक्क डी. आपल्याकडे साठीला फर्स्ट क्लास, कारण आपले पेपर तपासणारे हात आखडता घेऊनच मार्क देतात. ब्रिटनमध्ये ७० ला फर्स्ट. जर्मनीत तर सगळंच उलटं! १ म्हणजे हुशार, ४ म्हणजे काठावर पास. तिथे परदेशी मार्कांसाठी एक सूत्र वापरतात. त्यात तुमच्याकडे जास्तीत जास्त किती मार्क मिळू शकतात आणि पासिंग कितीला, हे दोन्ही धरतात. पासिंग ४० ला असेल, तर माझे ६२ तिथे होतात २.९. म्हणजे आकडा तोच, पण देश बदलला की त्याचा अर्थ बदलतो.

मग करायचं काय? आधी सूचना नीट वाचायच्या (हो, ते बारीक अक्षरातलं सगळं!). अमेरिकेतली कित्येक विद्यापीठं स्पष्ट सांगतात, स्वतः रूपांतर करू नका, मार्कशीटवर आहे तेच लिहा. टक्के असतील तर १०० पैकी, सीजीपीए असेल तर १० पैकी. भारतातली मार्कशीटं ते लोक वर्षानुवर्षं बघताहेत. काही ठिकाणी बाहेरून मूल्यमापन मागतात. ते काम डब्ल्यूईएससारख्या संस्था विषयवार करून देतात. आणि चौकटीत चारच्या वर आकडा जातच नसेल, तर अ‍ॅडमिशन ऑफिसला दोन ओळींची मेल टाका. विचारलं म्हणून कुणी नापास करत नाही.

उलट टोकाचा नमुनाही माझ्या ओळखीत आहे. एका मित्राला एजंटने सांगितलं, ‘बिनधास्त ३.७ लिहा, सगळे लिहितात.’ मग विद्यापीठाने अधिकृत ट्रान्सक्रिप्ट मागवलं आणि विचारलं, हा आकडा आला कुठून? बिचाऱ्याचे पुढचे दोन आठवडे खुलासे लिहिण्यात गेले. त्याने स्वतःला फुगवलं, मी स्वतःला कापलं. दोघांनीही केलं एकच. जे ठरवणं आपलं काम नव्हतं, ते आपणच ठरवून टाकलं.

माझी फसवणूक जास्त वाईट, असं आता वाटतं. त्याला निदान कुणीतरी प्रश्न विचारला. मला ‘नाही’ म्हणायला कुणी आलंच नव्हतं. ते माझं मीच म्हटलं होतं.

मावसबहिणीने शेवटी लिहिलं, ६५, पैकी १००. फोन ठेवल्यावर मीही तोच जुना कोर्स शोधला. फॉर्म उघडला. त्या चौकटीखाली बारीक अक्षरात ओळ होतीच, ‘परदेशी गुणांचं रूपांतर करू नये.’

६२, पैकी १००. लिहून टाकलं. आईला अजून सांगितलेलं नाही.

पण हा कॉलम ती दर आठवड्याला वाचते.