डबा उघडा!

गेल्या सुट्टीत, अमेरिकेतील ॲन आर्बर येथे शिकणारा आमच्या समाजातील एक तरुण घरी आला. येताना त्याने आपल्या संग्रहातील एक ओतीव धातूचे छोटे विमान आणले. दुसऱ्या महायुद्धातील पी-38 लाइटनिंग हे लढाऊ विमान, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढे. धाकट्या भावाने हात पुढे केला, तेव्हा तो म्हणाला, "डबा उघडायचा नाही, किंमत उतरते." मुलगा हिरमुसला. हा प्रसंग आमच्या डोळ्यांदेखत घडला, म्हणून चार शब्द लिहीत आहोत.

असे संग्रह करणारे अनेक देशांत आहेत. जस्ताच्या मिश्रधातूचे, हाताला जड लागणारे, हुबेहूब रंगवलेले हे नमुने स्वस्त नसतात. मोजक्याच संख्येने काढलेला नमुना आणि न उघडलेला डबा यांना मोल अधिक. छंद वाईट नाही. आपले पैसे कशावर खर्चावे हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु शिक्षक म्हणून आम्ही विचारतो : त्या बंद डब्यातून मुलाला काय मिळाले?

योगायोग असा की या विमानाची कथा ॲन आर्बरशीच जोडलेली आहे. त्याच्या रचनेत प्रमुख वाटा असलेले क्लॅरेन्स 'केली' जॉन्सन हे स्वीडनहून मिशिगनला आलेल्या गरीब कुटुंबातले. ॲन आर्बरच्या विद्यापीठात ते विमानविद्या शिकले. तेथे जोरदार वारा सोडून विमाने पारखण्याचा बोगदा होता. लॉकहीड कंपनीच्या नव्या प्रवासी विमानाचा छोटा नमुना त्यात तपासला गेला. 1933 साली त्याच कंपनीत नोकरीस लागताच या तरुणाने वरिष्ठांना सांगितले, हे विमान हवेत स्थिर राहणार नाही. वरिष्ठांनी त्याला गप्प बसवले नाही; नमुना देऊन पुन्हा ॲन आर्बरला धाडले. अनेक चाचण्यांनंतर शेपटीला दोन उभे पंख लावण्याचा उपाय सापडला. पी-38 त्यानंतरचे, ते 1939 साली प्रथम उडाले. तो छोटा नमुना कोणी डब्यातच जपून ठेवला असता तर?

या विमानाचे नाव निघाले की वैमानिक रिचर्ड बाँग यांनी शत्रूची 40 विमाने पाडली, हे अभिमानाने सांगितले जाते. ते खरे आहे. पण 6 ऑगस्ट 1945 रोजी, अवघ्या 24 व्या वर्षी, एका नव्या जेट विमानाच्या चाचणीत ते मरण पावले. आणि त्या 40 विमानांतही कोणाचे तरी मुलगे बसले होते. 'छोटा राजपुत्र' या फ्रेंच पुस्तकाचे लेखक सेंतेक्झ्युपेरी आमच्या मुलांना परके नाहीत. 31 जुलै 1944 रोजी ते पी-38 च्याच टेहळणीच्या विमानातून गेले, ते परतले नाहीत. त्या विमानावर बंदुकाही नव्हत्या.

युद्धाची खेळणी मुलांना देऊच नयेत, असे आम्ही म्हणत नाही. पण खेळणे दिले तर त्याची पूर्ण गोष्टही द्यावी. मुलाने पट्टीने पंख मोजावेत : 22 सेंटिमीटर. त्याला 72 ने गुणावे. खरे पंख सुमारे 16 मीटर निघतात. गणित झाले. मग विचारावे, आत कोण बसला होता, आणि तो घरी परतला का? इतिहास झाला.

ज्यांच्या कपाटात असे नमुने आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस तरी ते शाळेत आणावेत आणि मुलांच्या हाती द्यावेत. किंमत थोडी उतरेल. उतरू द्या.